वारा हाच आमचा डोंगर

माझ्या जावयाविषयी लिहावं असं त्याच्यात काही नाही. आमच्या सपाट मुलखातल्या बोल्सवार्ड गावात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो अशाच कुणाच्या तरी डोक्याला लागेल. मलाही लिहायची सवय नाही. माझं आयुष्य चीजच्या कारखान्यात गेलं, आणि चीजला कुणी पत्र लिहीत नाही. पण माझी मुलगी मारिट मला हेइट म्हणते, आमच्या बोलीत बाबा. ती म्हणाली, "हेइट, मी सांगितलं तर ती बायकोची कुरकुर होईल. सायकलच्या पेटीत तुम्ही बसला होतात, तुम्हीच लिहा." म्हणून लिहितो. यात लिहिण्याच्या ज्या चुका असतील त्या माझ्या. बाकीच्या सगळ्या सीब्रेनच्या.

सीब्रेन स्वयंपाकघरं विकतो. स्नेक गावाच्या रस्त्यावर एक मोठं दालन आहे, तिथे बसून तो गिऱ्हाइकाला त्याचं होऊ घातलेलं स्वयंपाकघर पडद्यावर वरून दाखवतो. ओटा इथे, शेगडी तिथे, फ्रिज कोपऱ्यात. छताला चिकटलेल्या माशीला दिसावं तसं. त्याला स्वतःला अंडं उकडता येत नाही, पण अंडं उकडणाऱ्या बाईनं कुठे उभं राहावं हे तो ठामपणे सांगतो. ही वरून बघायची खोड पुढे इतकी वाढली की सगळं जगच त्याला तसं दिसायला लागलं. लांबी आणि रुंदी. तिसरं काही असतं हे त्याच्या गावी नव्हतं.

तो मूळचा गाईगुरांच्या घरातला, धाकटा. लहानपणी त्यानं शेतातल्या चरावर फळ्या टाकून पूल केला होता. गाय त्यावरून जाईना, तर त्यानं गाईला मूर्ख ठरवलं. ही गोष्ट त्याच्या वडिलांनी लग्नाच्या जेवणात मोठ्या कौतुकानं सांगितली आणि सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं, गाईची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती. माझ्या मुलीनं त्याच्यात काय पाहिलं हे मी तिला कधी विचारलं नाही. तिची आई असती तर तिनं विचारलं असतं.

दर मे महिन्याच्या सुटीत सीब्रेन बायकोपोरांना घेऊन एखाद्या मोठ्या शहरात चार दिवस जातो. जातो म्हणजे काय, चढाई करतो. हिवाळ्यापासून तयारी चालते. मुलांना कुठे भूक लागेल, कुठे लघवी लागेल, कुठल्या बागेत कुठल्या घसरगुंडीवर किती वेळ घसरायचं, हे सगळं तो नकाशावर रंगीत रेघांनी आखून ठेवतो. मोठी नात निन्के अकरा वर्षांची आहे. पोरं मला पाके म्हणतात, म्हणजे आजोबा. एकदा निन्के मला हळूच म्हणाली, "पाके, घेन्टमध्ये मला शू आली होती ना, तेव्हा पप्पा म्हणाले, अजून नाही आलेली."

आणि सगळीकडे सायकलनं. सायकल म्हणजे आमच्याकडची ती लांबलचक, पुढे लाकडी पेटी असलेली. पेटीत पोरं, बटाटे, कुत्रं, काहीही बसतं. परक्या शहरात उतरल्या उतरल्या तो अशा दोन भाड्यानं घेतो. घेन्ट, हाम्बुर्ग, कोपनहेगन. त्यानं जिंकलेली ही सगळी शहरं पाटासारखी सपाट आहेत. पण विजय तो विजय. त्याचा असा समज झाला की या शहरांना त्यानंच वठणीवर आणलं.

फेब्रुवारीत त्याचा वाढदिवस असतो. आमच्याकडचे वाढदिवस आमच्याकडच्यांनाच माहीत. बैठकीत खुर्च्या गोल मांडायच्या, येणाऱ्यानं गोलातल्या प्रत्येकाचा हात हलवून प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. भावाबद्दल अभिनंदन, नवऱ्याबद्दल अभिनंदन. मलाही दरवर्षी 'जावयाबद्दल अभिनंदन' ऐकून घ्यावं लागतं, आणि मी 'धन्यवाद' म्हणतो. मग प्रत्येकाला केकचा एक तुकडा, एक कॉफी, आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण बंद. त्यानंतर सीब्रेन टीव्हीवर त्या वर्षीची योजना दाखवतो. लोक आल्या पावली जाऊ शकत नाहीत, कारण दुसरी कॉफी अजून यायची असते.

या वर्षी शहर मारिटनं निवडलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच. लिस्बन. विशीत असताना ती तिथे अर्धं वर्ष शिकायला होती, आणि ग्रासा भागात दोना एर्मेलिंदा नावाच्या बाईंकडे राहिली होती. बाईंनी तिला भाषा शिकवली, जेवू घातलं, आणि पुढे तिची आई वारली तेव्हा दर रविवारी फोन केला. बाई आता नव्वदीच्या आहेत. त्यांचा मुलगा अमादेउ मे महिन्यात त्यांना कायमचं सेतुबलला, आपल्या घरी नेणार होता. त्यांनी मारिटला सांगितलं होतं, "रविवारी दुपारी मुलगा न्यायला येणार. त्याआधी पोरांना घेऊन ये. त्या स्वयंपाकघरात एकदा सगळ्यांना जेवू घालते, मग घराला कुलूप." मारिटला त्या शहरात एवढंच हवं होतं. राजवाडे नकोत, चर्च नकोत. एक जेवण.

सीब्रेननं ते जेवण योजनेत घातलं. मत्स्यालयानंतर आणि नदीकाठच्या घसरगुंडीच्या आधी.

"आपण सकाळीच जाऊ या का?" मारिट त्या गोलात बसूनच म्हणाली. "मला त्यांना स्वयंपाकात मदत करायची आहे."

"सकाळी मत्स्यालय स्वस्त असतं," सीब्रेन म्हणाला. "तिथून तुझी म्हातारी ही इथे. बघ. बोटाच्या एका पेराएवढं." आणि त्यानं टीव्हीवर खरोखरच बोट टेकवून दाखवलं.

"सीब्रेन, ग्रासा डोंगरावर आहे."

"डोंगर," तो म्हणाला, आणि गोलाकडे बघून हसला. त्याचा भाऊ डौवे लगेच हसला. डौवेला नेहमीच आधी हसायचं असतं.

"तिथे लोक सायकल चालवत नाहीत," मारिट म्हणाली. "मी नेली होती. एकदाच चालवली."

"तुझ्या पायात जोर नव्हता. मी समुद्राच्या बांधावरून थेट तोंडावरच्या वाऱ्यात पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गेलोय. तुम्हाला सांगतो, ज्यानं तो वारा खाल्ला त्याला डोंगराची भीती दाखवू नये. वारा हाच आमचा डोंगर."

हे वाक्य आमच्याकडे फार आवडतं. ते कुणीही, कधीही म्हटलं तरी लोक मान डोलवतात, जसं काही वाऱ्यातून सायकल चालवणं हा आम्ही लावलेला शोध आहे. गोलातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही थोडी हलली असावी. लिस्बनमध्ये सायकली भाड्यानं देणाऱ्या बाईनं सीब्रेनला उलट विचारलं होतं की तुम्ही नक्की कुठे फिरणार आहात, विजेवरची घ्या ना. सीब्रेननं तो निरोप सगळ्यांना वाचून दाखवला, फसवणुकीचा नमुना म्हणून.

"बघा, गळ्यात कसं मारतात. मोटर म्हाताऱ्यांसाठी असते."

"मग पाके आहेत की," निन्के म्हणाली. "ते म्हातारे आहेत."

"हेइट पेटीत बसतील," सीब्रेन म्हणाला. तो माझ्याशी असाच बोलतो, तोंडावर, पण तिसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसा. आमच्या गावाकडची वडीलधाऱ्यांना मान द्यायची ती जुनी रीत आहे. मारिटनं ती कधीच सोडली. सीब्रेननं धरून ठेवली, कारण त्यात समोरच्याला विचारावं लागत नाही.

"पाके म्हणजे बटाट्याचं पोतं," तिचा सहा वर्षांचा भाऊ योरिट म्हणाला, आणि त्याला फार आनंद झाला. मला कुणी न्यायचं ठरवलं आणि का, हे मला तिथेच कळत होतं. माझी बायको गेल्यापासून मारिट मला सुटीत एकटं ठेवत नाही, आणि सीब्रेनला सामान धरायला एक माणूस लागतो.

पहिला दिवस त्याच्यासाठी फार चांगला गेला, आणि तेच वाईट झालं. आमची खोली नदीकाठी होती, आणि लिस्बनचा नदीकाठ बांधासारखा सपाट आहे. सायकली आल्या. मारिटच्या पेटीत दोन्ही पोरं, सीब्रेनच्या पेटीत मी आणि जेवणाचे डबे. डब्यांत घरून आणलेला पाव, घरून आणलेलं चीज, आणि पोरांसाठी पावावर भुरभुरायचा चॉकलेटचा भुगा. ज्या गावात दर कोपऱ्यावर निखाऱ्यावर मासा भाजत होता, त्या गावात आम्ही बाकावर बसून बोल्सवार्डचा कालचा पाव चावला. सीब्रेन वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बसला होता. "कुठे आहे तुझा डोंगर?" तो मारिटला म्हणाला. मारिटनं मागे, घरांच्या वर, हनुवटीनं दाखवलं. त्यानं वळून पाहिलं नाही. त्याच्या नकाशावर तिकडे काही नव्हतं.

रविवारी मत्स्यालय झालं. मासे होते. योरिटला एक मोठा तोंड वासलेला मासा आवडला आणि तो त्याच्यासमोरून हलेना. सीब्रेन म्हणाला, या माशासाठी दिलेला वेळ संपला. मारिट सारखी खिडकीकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "आता निघू या. ट्रामनं जाऊ, वरपर्यंत जाते."

"ट्राम पर्यटकांसाठी असते."

"आपण कोण आहोत?" निन्केनं विचारलं.

आम्ही निघालो. नदीकाठ संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग रस्ता वळला आणि समोर उभा राहिला. मला दुसरा शब्द सुचत नाही. रस्ता आडवा असतो, हा उभा होता. शिवाय छोट्या गुळगुळीत पांढऱ्या दगडांचा, शतकानुशतकं पायांनी घासून साबणासारखा झालेला. सीब्रेननं पेडलवर उभं राहून जोर लावला. पेटी कण्हली. मी आत बसून त्याचं तोंड बघत होतो, कारण त्या पेटीत माणूस चालवणाऱ्याकडे तोंड करूनच बसतो. ते तोंड आधी गुलाबी झालं, मग लाल, मग आमच्याकडच्या बिटासारखं. सायकल थांबली, आणि मग अगदी शांतपणे मागे जायला लागली.

मी उतरलो.

मागे मारिटनं केव्हाच पोरांना उतरवून सायकल ढकलायला घेतली होती. एका दारात एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. तो आमच्याकडे बघून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला?" सीब्रेननं धापा टाकत विचारलं.

"म्हणाला, गाढव उलटं जुंपलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तू."

पोरं हसली. मी दुसरीकडे पाहिलं. सीब्रेन हसला नाही, त्याला वाटलं भाषांतरात काहीतरी राहून गेलं असणार. पुन्हा थोडं ढकललं, पुन्हा थांबलो. खालून ट्राम आली, घंटा वाजवत, आणि तिच्या मागच्या फळीवर फुकट लटकलेली दोन पोरं आमच्याकडे बघून हात हलवत वर निघून गेली. योरिटनं उलट हात हलवला. मारिटनं वर पाहिलं, ऊन किती चढलंय ते. तिचा ओठ घट्ट झाला होता. हा ओठ मला माहीत आहे. तिच्या आईचा आहे.

"मी पोरांना घेऊन चालत जातेय," ती म्हणाली.

"आणि सायकल?"

"सायकलला भूक लागलेली नाही."

"मारिट, आपण सगळे एकत्र पोहोचायचं ठरलं आहे. इथे सायकल सोडली तर चोरीला जाईल. अनामत रक्कम आहे."

"त्या बाई माझी वाट बघतायत, सीब्रेन. आजच्यानंतर त्या तिथे नसणार. अनामत तू सांभाळ." तिनं सायकल भिंतीला टेकवली, पोरांचे हात धरले आणि पायऱ्यांच्या एका बोळानं वर गेली.

सीब्रेन माझ्याकडे वळला. "हेइट ही धरतील. मी आधी माझी वर पोहोचवतो, मग परत येऊन ही नेतो."

मी आयुष्यभर लोकांच्या वस्तू धरल्या आहेत. बायकोची पर्स, साहेबाची छत्री, सीब्रेनच्या लग्नात त्याचा कोट. मी मारिटची सायकल एका खांबाला बांधली, कुलूप घातलं आणि चावी सीब्रेनच्या घामेजलेल्या हातात ठेवली. मग मी पायऱ्या चढायला लागलो. मागून तो "हेइट?" म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्या वयाचा तेवढा एक फायदा आहे.

दोना एर्मेलिंदांचं घर एका अरुंद बोळाच्या टोकाला आहे. बोळ एवढा, की एक गाडी गेली तर माणसानं भिंतीला पाठ लावावी. अमादेउनं आणलेली गाडी वर दारातच उभी होती, टपावर गाद्या बांधलेल्या. तो स्वतः दारात सामानाची खोकी काढत होता, कपाळाला आठ्या. मी मारिटला आणि पोरांना गाठलं, आणि आम्ही जिना चढून आत गेलो तर भिंती उघड्या, खिळे तेवढे उरलेले. आणि बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून बसलेल्या. जाण्यासाठी तयार.

टेबलावर ताटं मात्र मांडलेली होती. ती ताटं त्यांनी मुलाला बांधू दिली नव्हती.

मारिट जाऊन खाली जमिनीवरच बसली आणि तिनं बाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाई तिच्या केसांवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटल्या. मला भाषा येत नाही, पण उशीर झाला म्हणून रागावलेली आई सगळीकडे सारखीच असते.

बाईंनी पंच्यात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मातीचं भांडं उघडलं. बदकाचा भात, वर तांबूस भाजलेला, त्यात लाल सॉसेजच्या चकत्या. गार झाला होता. आम्ही उभ्यानंच खाल्ला, कारण बाकीच्या खुर्च्या गाडीत गेल्या होत्या. योरिटनं पहिला घास घेतला, थांबला, आणि मला म्हणाला, "पाके, आपण हे आधीपासून का नाही खाल्लं?" याचं उत्तर खाली रस्त्यावर सायकल ढकलत होतं.

अमादेउ दारात आला. "आई, पुरे आता. गाडी मेव्हण्याची आहे, त्याला परत द्यायची आहे." मारिटनं ते आम्हाला हळू सांगितलं. तिच्या ताटात अजून भात होता. इतक्या वर्षांनी आली होती, आणि जेमतेम एक ताट पुरं होईल एवढा वेळ मिळाला होता. बाईंनी उठून चुलीवरच्या फरशीवर हात ठेवला, जसा गाईच्या पाठीवर ठेवतात, आणि काठी घेतली. झालं. आम्ही सगळे बाहेर आलो. अमादेउनं त्यांना गाडीत बसवलं, गाडी सुरू केली.

गाडी हलली नाही. बोळाच्या मध्यात सीब्रेन होता.

नंतर त्यानं सगळं समजावून सांगितलं, म्हणून मला कळलं. तो एकटाच सायकल ढकलत तिथपर्यंत आला होता. दम घ्यायला थांबला, तर सायकल खाली जाऊ नये म्हणून त्यानं ती आडवी केली. उतारावर गाडी आडवी लावतात एवढं त्याला कुठूनतरी माहीत होतं. बोळ किती रुंद आणि सायकल किती लांब, एवढं मात्र पाहायचं राहिलं. पेटीचा कोपरा एका भिंतीत गेला, मागचं चाक समोरच्या घराच्या पायरीखाली शिरलं, आणि पेटीतल्या वजनानं सगळं घट्ट बसलं. पाचर ठोकावी तसं. फ्रिज कोपऱ्यात शिरेल की नाही हे मोजण्याचा पगार घेणारा माणूस.

"मी पोहोचलो," तो आम्हाला बघून म्हणाला. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहऱ्यावर विजय.

अमादेउ गाडीतून उतरला आणि बोलायला लागला. तो फार वेळ बोलला. मारिटनं त्यातलं काहीच भाषांतर केलं नाही. मग त्यानं पेटीला हात घातला.

"अशी नाही," सीब्रेन म्हणाला. "आधी डबे काढायला हवेत. मग मागचं चाक वर. मी सांगतो तसं करा." त्यानं हातांनी वरून दाखवायला सुरुवात केली, एक इथे, एक तिथे. समोरच्या घरातले दोघे हातात रुमाल घेऊन, जेवता जेवता बाहेर आले. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि एकजण परत आत गेला. बहुधा आपलं जेवण संपवायला.

तेव्हा गाडीचं दार उघडलं आणि दोना एर्मेलिंदा उतरल्या. त्यांनी बोळ पाहिला, सायकल पाहिली, सीब्रेनला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग त्यांनी कोटाची बटणं सोडली आणि काठी टेकत, जिना चढून परत घरात गेल्या. मारिट त्यांच्या मागे धावली.

बाईंनी सामानाचं बांधलेलं एक खोकं फोडून कॉफीचं भांडं काढलं. दोन उलट्या बादल्यांवर पोरं बसली, मी खिडकीत. बाई सांगत होत्या, मारिट आम्हाला सांगत होती, आणि मध्येच दोघी एकदम हसत होत्या. तुमची आई पहिल्या दिवशी आली, बाईंनी पोरांना सांगितलं, तर बरोबर सायकल. इथे, वरच्या मजल्यावर खांद्यावर घेऊन चढली. दुसऱ्या दिवशी चालवली आणि रडत परत आली. तिसऱ्या दिवशी मासेवालीच्या मुलाला विकून टाकली आणि त्या पैशाचं आम्ही हेच बदक आणलं.

"मेम, तू रडलीस?" निन्केनं आईला विचारलं. तिला आईचं रडणं फार आवडलं.

बाईंनी तिला खिडकीपाशी नेलं आणि कुठल्या गच्चीवर मारिट अभ्यास करायची ते दाखवलं. योरिटला भांड्याच्या तळाचा खरवडलेला भात दिला, तो आता भट्टीत पुन्हा गरम केलेला. आणि सेतुबलबद्दल सांगताना त्यांनी तोंड वाकडं केलं. "म्हणतायत, तिथे नुसतं सपाट," मारिट म्हणाली. "मुलाच्या घराच्या खिडकीतून समोरच्याची भिंत दिसते आणि संपलं. ताटासारखं गाव, त्यात काय बघायचं." मी त्या उघड्या घरात बसलो होतो आणि माझी मुलगी लग्नाआधी जशी बोलायची तशी बोलत होती. बाहेरून सीब्रेनचा आवाज येत होता. "नाही नाही, आधी पेटी." तो कधी संपू नये असं मला वाटलं. त्याच्या बाबतीत हे मला पहिल्यांदाच वाटलं, आणि ते कबूल करायला मला आवडत नाही.

कॉफी झाली, दुसरी कॉफी झाली, आणि मग समोरच्या घरातला माणूस जेवण संपवून बाहेर आला. त्यानं कुणाला न विचारता पेटीची एक बाजू उचलली, अमादेउनं दुसरी, आणि सायकल उभी राहिली. तेवढंच होतं ते. सीब्रेन म्हणाला, "बघा, मी सांगत होतो." दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाई गाडीत बसताना त्याच्यापाशी थांबल्या. त्याच्या ओल्या गालावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या. गाडी गेली. मारिट बोळाच्या वळणापर्यंत बघत राहिली.

"काय म्हणाल्या?" सीब्रेननं विचारलं.

"म्हणाल्या, उपकार झाले तुझे."

तो खूश झाला. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उरलेलं कळलं असतं, जे मारिटनं मला ट्राममध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, असं गाढव दर रविवारी माझ्या दारात अडकलं असतं तर मी हे घर सोडलंच नसतं.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गोल मांडला गेला. मी पुन्हा 'धन्यवाद' म्हणालो. टीव्हीवर फोटो आले. बोळ, सायकल, सायकलपाशी लाल तोंडानं उभा सीब्रेन. तो फोटो निन्केनं वरून, खिडकीतून काढला होता.

"ग्रासाच्या माथ्यापर्यंत," सीब्रेन म्हणाला. "मोटरशिवाय. म्हातारीनं माझे आभार मानले. वारा हाच आमचा डोंगर."

डौवे आधी हसला, मग सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी हलली नाही. मी लक्ष ठेवलं होतं.

"मे महिन्यात मी आणि पोरं सेतुबलला जातोय," मारिट म्हणाली. तिनं ते केक पुढे करताना म्हटलं, जसं काही 'साखर हवी का' विचारावं. "दोना एर्मेलिंदांकडे. हेइटही येतायत. आठवडाभर तिथेच राहणार, कुठेच फिरणार नाही."

"पेटीत?" डौवेनं विचारलं. कुणी हसलं नाही. तोही अर्ध्यावर थांबला.

"मग मी रस्ते आखायला घेतो," सीब्रेन म्हणाला.

"आखायला काही नाही," मारिट म्हणाली. "एक घर आहे, एक टेबल आहे. पाहुण्यांसाठी खुर्च्या चारच आहेत."

गोलातल्या लोकांना अचानक आपापल्या बशा दिसायला लागल्या. तिनं झाकण लावून बिस्किटांचा डबा आत नेला.

नंतर मी आत कप ठेवायला गेलो, तर सीब्रेन माझ्या मागे आला. तो आपल्याच स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहिला, बरोबर जिथे त्यानं गिऱ्हाइकांना उभं राहायला सांगितलं असतं तिथे. हातात फोन, फोनवर नकाशा. तो बोटानं नकाशा मोठा करत होता, लहान करत होता.

"हेइटना माहीत असेल," तो हळू आवाजात म्हणाला. "सेतुबल सपाट आहे का?"

मी कप एकावर एक नीट रचले.

"मला काय ठाऊक," मी म्हणालो, "मी बापडा पेटीत होतो."